पंपाला फोडणी

सुधाकर टिपणीसांच्या आयुष्यात गप्प बसायला हवं होतं असे प्रसंग बरेच आले, आणि त्या प्रत्येक प्रसंगी ते बोलले. एप्रिलमधल्या त्या रविवारी तर त्यांनी वसईच्या पाचूबंदर धक्क्यावरून नुसती मांदेली घेऊन घरी यायचं होतं. निघताना मीराताईंनी बजावलंही होतं, "अहो, मांदेली घ्या आणि या. कुणाला काही समजावून सांगत बसू नका." पण चौतीस वर्षं वजनमापं तपासण्याच्या खात्यात निरीक्षक म्हणून काढलेला माणूस निवृत्त झाला म्हणून समजावून सांगायचं थोडंच सोडतो!

धक्क्यावर सॅन्टन आपल्या बायकोच्या, ब्रेंडाच्या पाटीशेजारी उकिडवा बसून गेल्या वर्षीचं रडगाणं गात होता. सॅन्टन बोटीचा मालक. जून-जुलैत मासेमारी बंद असते, तेव्हा त्याने इंजिनाचा डिझेल पंप खोलून, आत खोबरेल ओतून माळ्यावर ठेवून दिला होता. दोन महिन्यांनी काढला तर आतलं तेल चिकट होऊन सगळं गच्च बसलेलं. बाकीच्या बोटी हंगामाच्या पहिल्या दिवशी दर्यात गेल्या आणि याची बोट बारा दिवस धक्क्याला बांधलेली.

"यंदा परत तसं झालं ना काका, तं खलाशी नाय ऱ्हायचे," सॅन्टन म्हणाला. "दुसऱ्या बोटवाल्याने त्यांना आत्ताच विचारून ठेवलंय. मंग मी काय एकटा जानार दर्यात?"

टिपणीसांनी सहानुभूतीने मान हलवून पुढे जायला हवं होतं. पण सॅन्टनने त्यांना पंपाचं काम काय ते सांगितलं. इंजिनाला दर वेळी किती डिझेल पाजायचं हे हा पंप अगदी थेंबाच्या हिशेबाने मोजून देतो, आणि म्हणून त्याच्या आतले पोलादी दट्टे असे नेमके बसवलेले असतात की त्यांच्यात केसही शिरणार नाही. 'मोजून' हा शब्द ऐकल्यावर टिपणीसांचं काही खरं राहिलं नाही. माप म्हटलं की ते त्यांच्या अखत्यारीत आलं.

"चूक तुमची नाही, तेलाची आहे," ते म्हणाले. "मापाचं उपकरण आहे हे. शास्त्रीय पद्धतीने साठवायला हवं. यात अवघड काय आहे?"

"मंग तुमीच सांभाळा," सॅन्टन म्हणाला.

"हां, देऊन टाक काकांना," ब्रेंडा पाटीवरचं फडकं झटकत म्हणाली. "मी वाटा लावला की रोज बोलतात, कमी हाय, कमी हाय. आता बगू तरी यांना काय येतंय ते."

धक्क्यावरच्या सात-आठ जणी हसल्या. टिपणीसांचे कान तापले. त्यांनी त्याच ठिकाणी शब्द दिला, की पंप दोन महिने त्यांच्याकडे राहील आणि एक ऑगस्टला सॅन्टनची बोट सगळ्यांबरोबर दर्यात जाईल. या भरात ते मांदेली विसरून घरी आले.

मीराताईंनी आधी पिशवीत पाहिलं, मग नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "काय कबूल करून आलात?"

आता पंप कोणत्या तेलात ठेवायचा, हा प्रश्न माणसाने स्वतःशी ठेवावा. टिपणीसांनी तो लिफ्टमध्ये बोलून दाखवला. तिसऱ्या मजल्यापर्यंत सोसायटीत बातमी पसरली आणि संध्याकाळी सल्ले देणाऱ्यांची रीघ लागली. आपल्याकडे तेल हा विषय असा आहे, की त्यात अडाणी कोणीच नसतो. पहिल्या मजल्यावरच्यांनी शिलाई मशीनचं तेल सुचवलं, कारण त्यांच्या आईचं मशीन अजून चालतं. दुसऱ्या मजल्यावरचे गुडघ्याला लावतात ते मोहरीचं तेल घेऊन आले. एकाने रॉकेल सांगितलं, आणि रॉकेल आता मिळतं कुठे असं विचारल्यावर तो रागावला. भाजीची पाटी घेऊन वटारहून येणाऱ्या कृष्णाबाईंनी फाटकाशीच निकाल दिला, "आमचे हे असताना केळीच्या वाडीतला पंप एरंडेलात ठेवायचे. नंतर पंपही साफ आनि वाडीतली पोरंही साफ."

टिपणीसांनी कोणाचंही न मानता सगळ्यांचं तपासायचं ठरवलं. भुईगावच्या एका अरुंद गल्लीत, जिथे शिरलेली रिक्षा उलटीच बाहेर काढावी लागते, ग्लेनचं वर्कशॉप होतं. सॅन्टनच्या बोटीचं इंजिन तोच बघायचा. त्याच्या भंगारातून टिपणीसांनी सात जुने दट्टे मागून आणले. ग्लेनने काही न विचारता दिले. ग्लेन हा फार कमी बोलणारा माणूस होता, आणि टिपणीसांना अशी माणसं आवडायची.

मग बाल्कनीत जॅमच्या सात बाटल्या ओळीने लागल्या. प्रत्येकीत एक दट्टा आणि एक तेल, वर चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, वेळ आणि सही. समुद्राचं खारं वारं लागावं म्हणून बाल्कनीची काच दिवसभर उघडी. त्यामुळे घरातल्या सगळ्या वस्तूंवर खारट थर चढला, टीव्हीच्या रिमोटची दोन बटणं गेली, आणि मीराताईंनी चांगलं घाण्याचं तीळतेल म्हणून चार नंबरची बाटली फोडणीला घेतली. त्या दिवशीच्या भाजीची चव टिपणीसांनी वहीत नोंदवलेली नाही, पण ते जेवले. प्रयोगात सहा बाटल्या उरल्या.

तीन आठवड्यांनी निकाल लागला. खाण्याची तेलं चिकट झाली होती. शिलाई मशीनचं तेल ओघळून गेलं आणि दट्ट्यावर तपकिरी ठिपके आले. इंजिन ऑइलमधला दट्टा चकचकीत होता, म्हणून टिपणीस तो हातरुमालात गुंडाळून विजयी मुद्रेने ग्लेनकडे घेऊन गेले.

ग्लेनने दट्टा उजेडात धरला. "जाड तेल हाय काका. आत बसून ऱ्हातं. परत सगळं खोलून धुवायला लागंल."

"मग घालायचं तरी काय?"

"कॅलिब्रेशन ऑइल. पंप मशीनवर लावून तपासतात ना, ते याच तेलावर. ज्यावर तपासतात त्यातच ठेवायचा. गंज नाय, चिकट नाय."

"हे तुला आधीपासून माहीत होतं?"

"हो तं."

"मग तीन आठवडे सांगितलं का नाहीस?"

"तुमी दट्टे मागितले. तेल कुटं विचारलं?" ग्लेन म्हणाला आणि पुन्हा इंजिनाखाली शिरला.

दुसरा कोणी असता तर तिथेच खचला असता. टिपणीस मात्र आतून मोहरून गेले होते. कॅलिब्रेशन! वजनाचा काटा खरा आहे की खोटा हे पडताळणं म्हणजे कॅलिब्रेशन, आणि उभी नोकरी त्यांनी तेच केलं होतं. जगात या कामासाठी खास तेल असतं आणि आपल्याला बासष्टाव्या वर्षी ते कळावं, याचं त्यांना थोडं वाईटही वाटलं.

तेल मिळणार होतं वसई पूर्वेच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका विक्रेत्याकडे. तिथे काचेमागे बसलेल्या गृहस्थाने सांगितलं की सुटं मिळत नाही, वीस लिटरचा डबाच घ्यावा लागेल, आणि तोही वर्कशॉपच्या लेटरहेडवर मागणी आणली तरच. टिपणीसांना लागणार होतं चार लिटर. ग्लेनच्या वर्कशॉपला लेटरहेड नव्हतं. पाटीसुद्धा नव्हती, नाव थेट नारळाच्या झाडावर रंगवलेलं होतं. टिपणीसांनी स्वखर्चाने लेटरहेड छापून घेतलं, त्याच्यावर नारळाचं लहानसं चित्रही टाकलं. ग्लेनने सही करायच्या आधी ते चित्र बराच वेळ पाहिलं.

दुसऱ्या खेपेला गृहस्थाने फॉर्म दिला. त्यात 'अंतिम वापर' असा रकाना होता. टिपणीसांनी आयुष्यात रकान्यात खोटं लिहिलं नव्हतं. त्यांनी लिहिलं, 'पंपास दोन महिने विश्रांती देणे.' फॉर्म परत आला. तिसऱ्या खेपेला 'साठवण' लिहिलं, तर साठवणुकीसाठी वेगळा फॉर्म होता. चौथ्या खेपेला गृहस्थ म्हणाला, "तसं सगळं बरोबर आहे, पण मालकाने स्वतः यायला हवं."

हे वाक्य टिपणीसांनी चौतीस वर्षांत किती दुकानदारांना ऐकवलं असेल याची गणती नाही. काचेच्या या बाजूने ते ऐकायला किती वाईट वाटतं, हे त्यांना आज पहिल्यांदा कळलं. त्यांनी मनातल्या मनात अर्नाळ्यापासून नायगावपर्यंतच्या सगळ्या दुकानदारांची माफी मागितली आणि ग्लेनला घेऊन आले. ग्लेन काचेसमोर उभा राहिला, "डबा द्या," म्हणाला, आणि गृहस्थाने डबा दिला.

पंप भरायचा समारंभ मेच्या अखेरीला टिपणीसांच्या हॉलमध्ये, वर्तमानपत्रांवर झाला. ग्लेनने पंपात तेल भरून आतली हवा काढली. पंपाला सहा तोंडं. प्रत्येक तोंडावर तांब्याची वायसर आणि पितळी टोपण बसवायचं होतं. ग्लेनने पान्याने हलकेच दोन टोपणं आवळली, एवढ्यात टिपणीसांनी त्याच्याकडून पाना काढून घेतला आणि सहाही स्वतः आवळली. आवळून झाल्यावर पुन्हा तपासली. तपासून झाल्यावर वहीत लिहिली. मग वर, खाली सगळीकडे तेल असावं म्हणून पंप एका मोठ्या चिनी मातीच्या बरणीत ठेवून त्यावर तेल ओतलं. ती बरणी मीराताईंच्या लोणच्याची. "यंदा लोणचं नाही घातलं तरी चालेल," असं त्या म्हणाल्या खऱ्या, पण ज्या आवाजात म्हणाल्या तो टिपणीसांना नंतर बरेच दिवस ऐकू येत होता.

अडचण बरणीची नव्हती, उरलेल्या डब्याची होती. समारंभाच्या सकाळी वीस लिटरचा तो पत्र्याचा डबा लिफ्टमधून वर नेताना सोसायटीचा सेक्रेटरी हर्षवर्धन आत होता. हर्षवर्धन पस्तिशीचा, मुंबईत कुठल्याशा कंपनीत सगळे नियम पाळतात की नाही हे बघायच्या नोकरीत. त्याने डब्यावरचं ज्वाळेचं चित्र पाहिलं आणि दुसऱ्या दिवशी नोटीस आली. 'सदनिका क्रमांक ४०२ मध्ये ज्वालाग्राही द्रव तसेच जलयानाचा सुटा भाग ठेवल्याचे निदर्शनास आले आहे. सात दिवसांत हटवावा, अन्यथा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवण्यात येईल.'

"काका, पर्सनल काही नाही," हर्षवर्धन जिन्यात भेटल्यावर म्हणाला. "इन्शुरन्सवाले विचारतात हो. आणि बोटीचा पार्ट फ्लॅटमध्ये म्हणजे, टेक्निकली, कमर्शियल यूज होतो."

जन्मभर नोटिसा काढलेल्या माणसाला नोटीस आली! टिपणीस दोन दिवस नीट जेवले नाहीत. डबा ग्लेनच्या वर्कशॉपमध्ये गेला. पण पंप तिकडे ठेवायला ग्लेनकडे कोरडी जागा नव्हती, आणि सॅन्टनच्या माळ्यावर तो परत पाठवणं म्हणजे ब्रेंडासमोर मान खाली घालणं. शेवटी त्यांना गच्चीची आठवण झाली.

गच्चीवर टाकीखाली एक बंद खोली होती. सोसायटीतल्या बायका दरवर्षी तिथे लोणच्याच्या बरण्या मुरायला ठेवत. तोंडाला पांढरं फडकं, त्यावर दोरी, आणि दोरीत घराचा नंबर घातलेली चिठ्ठी. अशा सतरा बरण्या रांगेत उभ्या होत्या. टिपणीसांनी तशीच चिठ्ठी लावून अठरावी, पंपाची, आणून ठेवली. नोटिशीत सदनिकेतून हटवावा असं लिहिलं होतं, त्याप्रमाणे तो हटवला होता. या युक्तीवर ते इतके खूश झाले, की कोणाला ताकास तूर लागू नये म्हणून बरणी दोन महिने उघडायचीच नाही असं त्यांनी ठरवलं. दर रविवारी ते वर जात, फडक्याची गाठ जागच्या जागी आहे हे बघत आणि खाली येत.

एकतीस जुलैला सकाळी बरणी हॉलमध्ये आली. सॅन्टन दुपारपर्यंत पंप न्यायला यायचा होता. टिपणीसांनी आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गाठ सोडली.

आधी वास आला, हिंगाचा. मग दिसलं की पाण्यासारखं स्वच्छ असलेलं तेल पिवळंधमक झालं आहे आणि त्यावर तडतडलेली मोहरी तरंगते आहे. त्याखाली, हळद माखून, सॅन्टनचा पंप बसला होता.

टिपणीस मटकन खाली बसले. मीराताईंनी आत डोकावून पाहिलं आणि काही न विचारता शेजारच्या क्षितिजाला हाक मारली.

क्षितिजा आली ती हसतच. तिशीची, सगळ्यांच्या मदतीला धावणारी मुलगी. सोसायटीच्या लोणच्यांची देखरेख यंदा तिच्याकडे होती. "बघितलंत ना काकू? मी बोलणारच नव्हते. जूनमध्ये सगळ्या बरण्या चेक करत होते. तुमच्या बरणीत हात घालून नाही पाहिलं हं, नुसतं वरून बघितलं. फोडी काळ्या पडलेल्या आणि तेल अगदीच कमी, वास पण नाही. म्हटलं, काकूंची यंदा तब्येत बरी नसेल. मग मस्त दीड लिटरची फोडणी करून, पूर्ण गार करून ओतली. थँक्यू वगैरे म्हणायचं नाही!"

तिला काय बोलणार? दुसऱ्याच्या लोणच्यावर तेल कमी दिसलं म्हणून पदरचं दीड लिटर ओतणारी शेजारीण मिळायला भाग्य लागतं. फक्त ते लोणचं असायला हवं.

"क्षितिजा," टिपणीस खोल आवाजात म्हणाले, "तो पंप आहे."

क्षितिजाने बरणीत पाहिलं, मग टिपणीसांकडे पाहिलं, आणि ती रडायलाच लागली. मीराताईंनी तिला आत नेऊन पाणी दिलं. टिपणीस एकटे पंपासमोर बसून राहिले. खाण्याचं तेल तीन आठवड्यांतच दट्टा कसा धरून ठेवतं हे त्यांना बाटली नंबर एक, दोन आणि तीनवरून तोंडपाठ होतं. उद्या सकाळी सगळ्या बोटी सुटणार, आणि सॅन्टनचे खलाशी दुसऱ्याच्या बोटीत चढणार. तेही त्यांच्या एका वाक्यापायी. स्वतःची फजिती त्यांना सवयीची होती. पण दुसऱ्याचं घर आपल्या शहाणपणाने बुडवलं, हा विचार त्यांना सहन होईना.

त्यांनी पंप बरणीतून काढला, जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि रिक्षा करून भुईगाव गाठलं. निघण्यापूर्वी सॅन्टनला फोन करून सगळं सांगितलं. ते पोचले तेव्हा सॅन्टन वर्कशॉपवर आधीच येऊन उभा होता, आणि त्याच्याबरोबर त्याचे चार खलाशीही होते.

ग्लेनने टॉवेल उघडला. "हळद?"

"आणि मोहरी. आणि हिंग," टिपणीस म्हणाले. त्यांनी काही लपवलं नाही.

एक खलाशी फस्सकन हसला. सॅन्टनने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. ग्लेनने डब्यातल्या उरलेल्या तेलाने पंप बाहेरून धुतला, एकदा, दोनदा, तीनदा. मग पहिल्या टोपणाला पाना लावला. टोपण हलेना. त्याने जोर केला, तरी हलेना.

"कोनी आवळलं हे?"

"मी," टिपणीस म्हणाले.

ग्लेनने पान्याला पाइप अडकवून पूर्ण वजन टाकलं, तेव्हा टोपण कुरकुरत सुटलं. तोंडातून तेलाचा एक थेंब बाहेर आला आणि त्याच्या तळहातावर पडला. सगळे वाकले. थेंब पाण्यासारखा स्वच्छ होता. ग्लेनने वास घेतला. दुसरं टोपण, तिसरं, सहाही टोपणं उघडली. मोहरीचा एक दाणा आत गेला नव्हता. त्याने पंपाचा दांडा दोन बोटांत धरून फिरवला. तो मऊ, विनातक्रार फिरला.

"नव्यासारखा हाय," ग्लेन म्हणाला. त्याने एवढं म्हटलं म्हणजे काय ते तिथल्या सगळ्यांना कळलं. सॅन्टनने डोळे मिटून छातीवर क्रूस काढला, आणि टिपणीसांनी इस्त्रीच्या शर्टाची पर्वा न करता तेलकट भिंतीला टेकून घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मीराताई आणि क्षितिजाही धक्क्यावर आल्या. हर्षवर्धन आला होता, पण आपण सहज फिरायला आल्याचं तो प्रत्येकाला सांगत होता. ग्लेनने रात्रीच पंप इंजिनावर चढवला होता. सॅन्टनने हँडल मारलं. इंजिन एकदा खोकलं आणि थांबलं. ग्लेनने खाली वाकून पाहिलं, डिझेलचा कॉक उघडला आणि म्हणाला, "आता मार."

इंजिन धडधडत सुरू झालं. काळा धूर निघाला, मग तो पातळ होत गेला, आणि ठोका असा एकसारखा पडू लागला की टिपणीसांना घड्याळ काढून मोजावंसं वाटलं. पंप तापला तसा त्याच्या सांधीत राहिलेल्या फोडणीचा वास सगळ्या बोटीवर पसरला.

"कोन जेवन करतंय रे?" पुढच्या बोटीवरून कोणीतरी ओरडलं.

क्षितिजा पुन्हा रडली, पण आता हसत. त्या सकाळी दोन बोटी धक्क्यालाच राहिल्या. दोन्हींचे पंप बसले होते, आणि दोन्ही मालकांनी खोबरेल घातलं होतं. टिपणीसांनी ही गोष्ट ऐकली, आणि नोंद घ्या, ते काही बोलले नाहीत. त्यांना इतका आनंद झाला होता, की बोलायचं सुचलंच नाही.

पाचव्या दिवशी बोट भरून आली. टिपणीस नेहमीसारखे पिशवी घेऊन धक्क्यावर गेले. लिलाव उरकला होता आणि ब्रेंडा ताडपत्रीवर घरच्या माणसांचे वाटे लावत होती. चार ढीग खलाशांचे, एक सॅन्टनचा. शेवटी एक ढीग उरला, पापलेटं, दोन हलवे आणि वर मूठभर कोळंबी. टिपणीस खाली वाकले आणि त्यातलं एक पापलेट उचलून त्यांनी विचारलं, "हे कसं दिलं?"

"हात नाय लावायचा," ब्रेंडा म्हणाली. "ते विकायचं नाय. तो पंपवाल्याचा वाटा हाय."

टिपणीसांनी घाईने पापलेट खाली ठेवलं आणि हा पंपवाला कोण ते बघायला मागे वळले. मागे कोणी नव्हतं. पुन्हा समोर पाहिलं तर ब्रेंडा, सॅन्टन आणि चारही खलाशी त्यांच्याकडेच बघत होते.

त्यांनी पिशवी पुढे धरली. वाटा पिशवीत पडल्यावर घरी फोन लावला. "अगं, मोठं पातेलं काढ," ते म्हणाले. "नाही, विकत नाही घेतलं. माझा वाटा आहे."